चौथा सिलिंडर

१

शटर वर केलं की फिटर सगळ्यात आधी रॉकेलच्या ट्रेमध्ये हात बुडवायचा. भिजत घातलेले सुटे भाग वर काढायला, असं बघणाऱ्याला वाटायचं. खरं तर गार लागतंय का, ते तो बघायचा. लागत नसे. मग हात पुसून चहा मागवायचा आणि कामाला लागायचा.

आयुष्यभर ग्राइंडर धरून त्याच्या बोटांतल्या नसा गेल्या होत्या. आधी थंडीत शेंडे पांढरे पडायचे, मुंग्या यायच्या. पुढे मुंग्याही यायच्या बंद झाल्या. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली आणि म्हणाले, "आता आहे तेवढं सांभाळा." हे त्यानं कोणालाच सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? बाजारात त्याला 'बोटवाले फिटर' म्हणत. सिलिंडरमध्ये बोट फिरवून झीज किती ते तो सांगायचा आणि मागाहून मापलं तर तेवढीच निघायची. आता तो नुसतंच बोट फिरवायचा, सवयीनं डोळे मिटायचा आणि अंदाजपंचे काहीतरी ठोकून द्यायचा.

गॅरेज दोघांचं होतं. फिटर इंजिनं उघडायचा नि जोडायचा, बायकोचा धाकटा भाऊ मागच्या खोलीत लेथ चालवायचा. कामं जुन्याच गाड्यांची. त्यातही एका इंजिनावर दोघांचं पोट चालायचं म्हटलं तरी चालेल. ते तीन आकारांत निघायचं. तेराशे, पंधराशे आणि सोळाशे सीसी. बाहेरून तिघं सख्खे भाऊ. वरचं हेड तिघांना एकच, सिलिंडरचा व्यासही एकच. पण तेराशेचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर कोरलेला लोखंडी सांगाडा, सगळ्यांत बुटका, सोळाशेचा त्याहून अंगठाभर उंच, आणि आत पिस्टन वरखाली करणारे रॉड ज्याचे त्याचे वेगळ्या लांबीचे. एकाचा रॉड दुसऱ्यात घातला, तर पिस्टन माथ्याला पोचतच नाही, नाहीतर वर डोकं काढतो. "पंप चालेल, कार्ब्युरेटर चालेल, रॉडचं नाव काढू नका," हे फिटर गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकला होता.

त्या दिवशी एक गृहस्थ टेम्पोतून असाच एक रिकामा ब्लॉक घेऊन आला. मवाळ बोलणं, इस्त्रीचा शर्ट. ब्लॉक स्टँडवर चढवल्यावर फिटरनं नंबर शोधला. नंबर पाडतात ती जागा कोरी होती. घासून काढलेली नव्हे. तिथे नंबर कधी पडलाच नव्हता.

"यातला कोणता म्हणायचा हा?"

"ते तुम्हीच ठरवा," गिऱ्हाईक म्हणालं.

"अहो, ते कळल्याशिवाय आत काय घालू?"

"मिळेल ते घाला. तो नाही म्हणत नाही."

२

फिटरनं दुपारी ब्लॉक मापला. तेराशे. त्यानं मागच्या खोलीकडे बघून तसं ओरडून सांगितलंही. संध्याकाळी मेहुण्यानं बेअरिंगच्या जागा बघायच्या म्हणून पुन्हा गेज लावला.

"भाऊजी, चष्मा बदला. सोळाशे आहे हा."

"काहीतरीच काय!"

"या, बघा ना."

फिटरनं बघितलं. काटा सोळाशेच्या मापावर होता. डोळे म्हातारे झाले आपले, असं म्हणून त्यानं हसण्यावारी नेलं. पण मनात त्याला वेगळीच शंका आली. मेलेल्या बोटांनी गेज नीट टेकवलाच नसेल. हातात काय धरलंय हेच कळत नाही, तिथे मापाचं काय घेऊन बसलात.

सकाळी दोघांनी मिळून मापलं. एकानं खाली धरलं, दुसऱ्यानं वर वाचलं. पंधराशे.

मेहुण्यानं शेजारच्या दुसऱ्या ब्लॉकवर तोच गेज लावला. तिथे माप बरोबर आलं. परत इथे लावला. पंधराशेच.

"लोखंड आहे, फुगतं," फिटर म्हणाला.

"अंगठाभर?"

त्या खोलीत ऊनही येत नव्हतं. दोघांना ते ठाऊक होतं. मेहुण्यानं गेज पुसून डब्यात ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन लेथ सुरू केला. लेथवर काही लावलेलं नव्हतं, नुसताच फिरत होता.

फिटरला भीती वाटायला हवी होती. पण त्याची भीतीही त्याच्या बोटांसारखीच झाली होती. आहे एवढं कळायचं, लागायची नाही.

घरी गेल्यावर बायकोनं ताट वाढलं. "काय झालं?" तिनं विचारलं. "कुठे काय," तो म्हणाला. त्यांचं बोलणं आताशा एवढंच असायचं. भांडण नव्हतं. तो तिला हात लावेनासा झाला होता एवढंच. त्याच्या दृष्टीनं कारण साधं होतं, लावून काही कळत नव्हतं. तिनं त्याचा काय अर्थ लावला असेल कोण जाणे. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही, आणि तसंच अंगवळणी पडलं.

३

ब्लॉकचं माप सोडून देऊन फिटरनं तो धुवायला घेतला. आतून कापड फिरवताना ते पहिल्या सिलिंडरच्या कडेला अडकलं, म्हणून त्यानं बोट घातलं.

आणि त्याला लागलं.

आधी कळेचना काय होतंय ते. मग कळलं, की गार आहे. तेलकट आहे. भिंतीवर बारीक तिरक्या रेघा आहेत, आणि एका जागी, माथ्यापासून थोडं खाली, केसाएवढी झीज आहे. त्यानं बोट बाहेर काढलं. शेंडा पांढराफटक, लाकडासारखा. पँटवर घासला. काही नाही. परत आत घातला. गार, तेलकट, रेघा.

तो बराच वेळ तसाच उभा राहिला. चारही बोटं आत घातली. भिंतीवरून सावकाश, गोल गोल फिरवली. डोळ्यांत पाणी आलं ते त्याला ओठांवर खारट लागल्यावर समजलं.

"भाऊजी, चहा गार झाला!" मेहुण्यानं हाक मारली.

"आलो, आलो."

पण तो गेला नाही. चहावर साय धरली.

बाकीची इंजिनं त्यानं तपासून पाहिली. त्यांत हात घातला की नुसता हात घातलेला असायचा. फक्त याच ब्लॉकमध्ये बोटं जिवंत व्हायची. नस कुठेतरी दबलेली असणार, ठराविक कोनात वाकली की मोकळी होत असणार, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग त्याच कोनात त्यानं रिकाम्या डब्यात हात वाकवून पाहिला. तेव्हा मात्र स्वतःला समजावणं सोडून दिलं. मिळतंय ना, मग मिळू दे.

४

आत काय घालायचं हा प्रश्न होताच. खाली आडवा फिरून रॉड वरखाली करणारा क्रँक कपाटात पडलेला एक जुना मिळाला, तो बसला. रॉड आणि पिस्टन मात्र त्या वेळी तीनच शिल्लक होते, आणि तिघांची तीन गावं. एक तेराशेचा, एक पंधराशेचा, एक सोळाशेचा. नवे मागवेपर्यंत नुसतं बघू तरी म्हणून फिटरनं तिन्ही तीन सिलिंडरांत सोडले, बोल्ट आवळले आणि क्रँक हातानं फिरवला.

पहिला पिस्टन वर आला आणि माथ्याशी बरोबर सपाट थांबला. फिरवत गेला तसे दुसरा आणि तिसराही आले. ज्याची त्याची पाळी आली की माथ्याशी सपाट, नख अडकणार नाही इतके.

फिटरनं मेहुण्याला बोलावलं. मेहुण्यानं पोलादी पट्टी आडवी ठेवून बघितली. मग तिन्ही रॉड सोडवून बाहेर काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी उभे केले. लहान, मधला, मोठा. पायऱ्यांसारखे. परत आत घातले. परत तिन्ही सपाट.

"हे होऊ शकत नाही, भाऊजी."

"बसतंय ना पण?"

"बसतंय म्हणूनच म्हणतो." मेहुण्याचा चेहरा उतरला होता. "न बसणारी वस्तू न बसली की माणसाला झोप लागते. याला परत पाठवा. मी याच्यावर हत्यार चालवणार नाही."

त्यानंतर तो पुढच्या खोलीत यायचं टाळू लागला. यायचाच झाला तर स्टँडला वळसा घालून, भिंतीला घासून जायचा.

चौथा सिलिंडर तेवढा रिकामा राहिला. रॉड मागवायला हवा होता. फिटर आज मागवतो, उद्या मागवतो करत राहिला. खरं कारण त्याचं त्याला माहीत होतं. तिथे पिस्टन बसला की हात घालायला जागा उरणार नव्हती.

मधेच एकदा गिऱ्हाईक चौकशीला आलं. स्टँडभोवती एक चक्कर मारून त्यानं तिन्ही पिस्टन बघितले. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"हे माझ्याआधी कोणी उघडलं होतं?" फिटरनं विचारलं.

"मीच."

"मग जोडलं का नाही परत?"

"खूप प्रयत्न केला." गिऱ्हाईक त्याच मवाळ आवाजात म्हणालं. "माझं माप बसलं नाही."

सुट्या भागांबद्दल बोलतोय, असंच फिटरला वाटलं. जाताना गिऱ्हाइकानं चौथ्या सिलिंडरकडे बोट दाखवलं. "घाई करू नका," तेवढंच म्हणालं.

५

बायकोच्या लक्षात आधी आलं ते भाजलेलं. तिनं चुलीवरून पातेलं उतरवून ओट्यावर ठेवलं होतं आणि फिटर त्याला मनगट टेकवून पाणी पीत उभा होता. करपल्याचा वास आला तेव्हा ती वळली.

"अहो! हात! हात काढा आधी!"

त्यानं बघितलं. मनगटाची कातडी पातेल्याला चिकटली होती. त्यानं ती सोडवली.

"लागलं नाही तुम्हाला?"

"लागलं की."

"खोटं बोलू नका. दाखवा इकडे." तिनं हात ओढून घेतला. पहिल्यांदाच उजेडात नीट बघितला. बोटांचे शेंडे पांढरे, अंगठ्याचं नख काळंनिळं. "हे कधी झालं?"

हातोडी कधी बसली ते त्याला आठवेना. बसली हेच त्याला आत्ता कळत होतं. आजवर बधिरपणा बोटांपुरता होता. आता तो मनगटाच्या वर चढला होता. तिनं पाणी घातलं, मलम लावलं, फुंकर घातली. त्यातलं काही त्याच्यापर्यंत आलं नाही. दुसऱ्या कोणाच्या हाताची मलमपट्टी चालली आहे आणि आपण नुसते शेजारी बसलो आहोत, असं त्याला वाटत राहिलं.

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. नसांचं, टाचणीचं, ग्राइंडरचं. ब्लॉकचं नाही सांगितलं.

तिनं मलमाच्या डबीचं झाकण लावलं. "म्हणून होय," ती म्हणाली. "आणि मी इतके दिवस काय काय समजून बसले." तिला हसू आलं आणि रडूही आलं. "सांगायचं तरी ना हो. आता काही दिवस गॅरेजला जाऊ नका. माझी शपथ आहे."

"नाही जात."

त्यानं ते मनापासून म्हटलं होतं. सुट्टीचा दिवस होता. जेवण झालं, ती आडवी झाली, आणि तो पाय मोकळे करून येतो म्हणून बाहेर पडला. चौकात उजवीकडे वळायचं ठरवून निघाला होता. पाय डावीकडे वळले.

६

गॅरेजमध्ये दुपारचा पिवळट उजेड होता. लेथ झाकलेला, ट्रे रिकामा. त्यानं अर्धंच शटर वर केलं होतं, त्याखालून रस्त्यावरच्या सायकलींचा आवाज आत यायचा.

त्यानं चौथ्या सिलिंडरवर टॉर्च धरला. इंजिन स्टँडवर होतं, खालचा तेलाचा तवा लावलेलाच नव्हता. म्हणजे वरून बघितलं की आधी क्रँक दिसायला हवा आणि त्याच्या आजूबाजूनं खालची फरशी. क्रँक दिसला नाही. फरशीही नाही. उजेड आत जात होता आणि कशावरच पडत नव्हता.

खाली वाकून बघावं, एवढी एक सरळ गोष्ट करायची राहिली होती. ती त्यानं केली नाही. अंगठा तळव्यात दुमडून त्यानं हात आत सोडला.

गार भिंत लागली. तेल लागलं. मनगट गेलं, आणि गेली तेवढी जागा जिवंत होत गेली. भाजलेली कातडी चरचरली आणि त्या चरचरण्यानंही त्याला भरून आलं. कोपरापर्यंत हात गेला. इथे क्रँक आडवा यायला हवा होता, नव्हता आला. तो सिलिंडरवर गाल टेकवून, डोळे मिटून उभा राहिला. किती वर्षांनी त्याला आपल्याला हात आहे असं वाटत होतं.

मग आतून कोणीतरी त्याच्या करंगळीला हात लावला.

घाईघाईनं नव्हे. करंगळीच्या टोकाला दुसरं एक टोक टेकलं. मग एकेक पेर. मग शेजारचं बोट, त्याचीही तिन्ही पेरं. अंगठा उलगडून बघितला, नखावरून फिरवून बघितलं. तळव्याची रुंदी घेतली. मनगटाभोवती वेढा घालून जाडी घेतली, सोडली, खात्री करायला पुन्हा घेतली. फिटरनं आयुष्यभर हेच केलं होतं. त्यामुळे काय चाललंय ते ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

त्याचं माप घेतलं जात होतं.

ओरडावंसं वाटलं, पण छातीपर्यंत काही पोचतच नव्हतं. जे वाटत होतं ते सगळं त्या हातात होतं, आणि हात तिकडे होता.

"अहो!" शटरखालून बायकोचे पाय दिसले. "आहात ना आत? मला वाटलंच!"

त्यानं हात ओढला. अडेल असं वाटलं होतं, पण तो तेलातून निघावा तसा सहज निघाला. काही अडलं नाही, काही खरचटलं नाही. दुसऱ्या हातातला टॉर्च अजून सिलिंडरवर रोखलेला होता. बंद करता करता त्याची आत नजर गेली.

खाली, खूप खाली, इंजिनाला तेवढी खोली नसतेच, तिथे एक हात उजेडापासून दूर सरकत होता. मनगटावर भाजल्याचा लाल चट्टा. अंगठ्याचं नख काळंनिळं.

टॉर्च विझला. त्यानं आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. कातडी धड होती. नख स्वच्छ, गुलाबी.

७

दोन दिवसांनी गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. फिटर बाकड्यावर बसून होता. चौथ्या सिलिंडरमध्ये पिस्टन होता, माथ्याशी सपाट. "तुम्ही बसवलात?" मेहुण्यानं विचारलं. फिटरनं मान हलवली. हो की नाही ते मेहुण्यानं खोदून विचारलं नाही. ब्लॉक जातोय यातच तो खूश होता. त्यानं एकट्यानं जोर लावून तो टेम्पोत चढवला.

गिऱ्हाइकानं ब्लॉककडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते फिटरच्या उजव्या हाताकडे बघत होतं. हेवा वाटल्यासारखं.

"बसलं म्हणायचं," ते म्हणालं आणि गेलं.

काम परत सुरू झालं. हात चांगला चालत होता, पूर्वीपेक्षाही चांगला. बारीक वॉशर एका झटक्यात उचलायचा, अंधाऱ्या कोपऱ्यातला नट न बघता लावायचा. "भाऊजी, हात परत आला तुमचा!" मेहुणा म्हणाला आणि त्यानं बाजारभर ते सांगितलं. बोटवाल्या फिटरकडे पुन्हा रीघ लागली. फिटर गिऱ्हाइकांशी बोलायचा, हसायचा. हात काम करत असताना तो दुसरीकडे बघत बसायचा, कारण बघितलं नाही तरी चालायचं. बधिरपणा आता खांद्यापर्यंत होता. रॉकेलच्या ट्रेमध्ये हात बुडवून बघणं त्यानं सोडून दिलं.

एके संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीत बसला होता. दिवा अजून लावला नव्हता. बायको काम आटोपून आली आणि शेजारी टेकली. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग तिनं हळूच त्याचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, नव्या नवरीसारखी लाजत.

"किती ऊब आहे हो हाताला," ती म्हणाली.

त्याला काही लागत नव्हतं. तिचे हात नाही, मांडी नाही, ऊब नाही. तो फक्त बघत होता. तिची बोटं त्या बोटांत गुंतली. ती थांबली, आणि तिचा चेहरा असा उजळला की तसा त्यानं कैक वर्षांत पाहिला नव्हता.

"दाबलात ना आत्ता?" तिनं विचारलं. "लागलं ना तुम्हाला? माझा हात लागला ना?"

अंगठा तिच्या तळव्यावरून सावकाश फिरत होता. मग करंगळीकडे गेला. टोकाला टेकला. तिथून एकेक पेर करत वर येऊ लागला.

तिनं डोळे मिटून घेतले होते.

"लागलं," फिटर म्हणाला.